बेसा रोडवरची भरती

मी कूलरचा मिस्त्री.
मार्च संपता संपता माझा हंगाम सुरू होतो:
जुनं गवत उपटायचं, टाकीचा गंज खरवडायचा,
पंपाला तेल, पात्याला नवा बुश,
आणि खिडकीत पुन्हा तो पत्र्याचा हत्ती बसवायचा.

समुद्र मी पाहिलेला नाही.
आमच्या शहरापासून तो सगळीकडून सारखाच लांब,
असं मामानं सांगितलं होतं,
अन् मला त्याचं बरंच वाटत आलं,
सावकाराला आपलं घर माहीत नसावं तसं.

त्या वर्षी कवडूजी बारापात्रेंनी बोअर मारली.
चारशे फुटांवर काळा दगड, सहाशेवर काळा दगड.
गाडीवाला म्हणाला, "काका, पैसे वाया चालले."
हे म्हणाले, "मार अजून."
आठशे दहावर दांडा एकदम सैल पडला,
दात पडल्यावर जिभेला खड्डा सापडतो तसा.
मग पाणी आलं. कोमट.
पहिला घोट कवडूजींनी थुंकला नाही.
"आसवासारखं लागते," म्हणाले.

आठ दिवसांत तक्रारी.
गवतावर मिठाची साय.
नवे पंप आतून खाल्लेले.
लाटकरांच्या उशांना मासळीचा वास,
ज्यांच्या घरात कांदाही चिरत नाहीत.
शालिक, माझा हेल्पर, टाकीत हात घालून बसला होता.
"भाऊ, पाणी वरखाली होऊन राहिलं."
मी हसलो. मग पाहिलं.
दिवसातून दोनदा, चार बोटं वर, चार बोटं खाली,
नळ बंद असताना.

मे महिन्यात रात्री दोनला गच्चीवर उभे राहा:
मानेवाडा, हुडकेश्वर, नंदनवन,
लाखभर कूलर एका दमात घोंघावतात,
पाणी झिरपतं, उपसतं, पुन्हा झिरपतं.
ज्याचा समुद्र त्याला न सांगता निघून गेला,
अंगावर वितळलेला दगड सांडला तरी जो मेला नाही,
नुसता डोळा मिटून राहिला,
त्याला काय वाटलं असेल?
आला, वाटलं असेल.
परत आला.

सत्तावीस तारखेला लाइट गेली.
एका फीडरची नाही, सगळ्या शहराची.
पाती मंदावली, थेंब टपटपले, मग तेही थांबले.
आणि त्या शांततेत
एक कूलर सुरूच होता.

जमिनीखाली.

फरशी फुगली, बसली. पुन्हा फुगली.
माठातलं पाणी कललं आणि कललेलंच राहिलं.
कवडूजींच्या अंगणात बोअरचा पाइप
एक वीत वर आला, अजून एक वीत,
कुणी खालून बोटानं ढकलावा तसा.
मग हाक. मी तिला हाकच म्हणतो,
कारण तिच्यात प्रश्न होता.
कुत्री भुंकली नाहीत,
नाकं मातीत खुपसून पडून राहिली.
कवडूजी पाइपाशी बसलेले दिसले.
हात त्याच्या तोंडावर,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

दोन चाळीसला लाइट आली.
लाखभर कूलर गरजले, खालचं हळूहळू निवलं.
कवडूजी नव्हते.
चपला होत्या, ओल्या, आतून पांढऱ्या.
पाइपाचं तोंड सहा इंची.
पोलिसांनी दोनदा मोजलं, सहाच भरलं.

आता डिसेंबर. पारा आठवर.
मोहल्ल्यातले सगळे कूलर मीच उतरवले.
माझ्या खिडकीतला चालू आहे.
बायको दोन रजया घेऊन आतल्या खोलीत निजते.
शालिक विचारतो, "थंडीत काऊन जी भाऊ?"
मी बादली उचलतो.
एका कूलरचा समुद्र होत नाही, कळतं मला.
फार तर कानाला शंख लावावा इतका आवाज.
पण तेवढ्यावर त्यानं पाऊस येईतो कड काढावी,
एवढंच बघतो.

झोपण्याआधी टाकीत हात घालतो.
चार बोटं असायची.
काल पंजा बुडाला.